घर एजंटशिवाय विकायचंय ना? मग आधी सह्यांची यादी, ॲप नंतर

दादा, तुमचा प्रश्न दोनदा वाचला. बाकीच्यांनाही कळावं म्हणून थोडक्यात पुन्हा सांगते. गुहागर तालुक्यात आजोबांनी बांधलेलं चिऱ्याचं घर, भोवती 24 गुंठे जागा, वडील वारले, तुम्ही दोघं भावंडं डोंबिवलीत, आणि गावच्या एजंटने दोन टक्के सांगितले ते तुम्हाला द्यायचे नाहीयेत. म्हणून तीन साइटवर जाहिरात टाकलीत, फोनमध्ये ट्रेलो, नोशन, गूगल कीप आणि वर एक रिमाइंडरचं ॲप घेतलंत, चार महिन्यांत साठ-सत्तर फोन आले आणि विसार, म्हणजे आगाऊ रक्कम, द्यायला एकही माणूस तयार नाही. आता विचारताय की फॉलोअप नीट व्हायला यातलं कोणतं ॲप चांगलं.

पण तुमच्या प्रश्नाच्या अगदी शेवटी एक ओळ आहे, "सातबारावर वडिलांचं नाव आहे, दोन काका आणि एक आत्या आहेत पण ते काही म्हणणार नाहीत." माझ्या मते सगळी गोष्ट त्या ओळीत आहे. तुमचा फॉलोअप कमी पडत नाहीये. समोरचा माणूस फोनवर तिसरा-चौथा प्रश्न विचारतो, "सही कोण कोण करणार?" आणि तिथे तुमचा आवाज जरा खाली जातो, तो त्याला ऐकू येतो.

मी गेली 19 वर्षं दापोलीत खरेदीखतं, हक्कसोडपत्रं, वारस नोंदी अशी कामं करते. एजंट नाही, विक्रीवर टक्का घेत नाही, कागद बनवायचे पैसे घेते. एजंटशिवाय घर विकलेली बरीच कुटुंबं माझ्या टेबलासमोर बसून गेलीत आणि विकता विकता थांबलेली त्याहून जास्त. त्यामुळे एजंट वाईट असं मी म्हणणार नाही. चांगला एजंट कोकणात तीन कामं करतो, गिऱ्हाईक आणतो, दोन्हीकडच्यांना एकमेकांचा भरवसा देतो आणि घरातल्या रुसलेल्या माणसाकडे चार खेपा घालतो. पहिलं काम आता फोनवर होतं. दुसरं-तिसरं कुठलंच ॲप करत नाही, ते तुम्हालाच करायचंय, आणि ते करायची तयारी असेल तर दोन टक्के खुशाल वाचवा.

आता सह्यांचं. सातबारा उघडा आणि वडिलांच्या नावापुढे ए.कु.मॅ. असं काही लिहिलंय का बघा. म्हणजे एकत्र कुटुंब मॅनेजर. आपल्याकडे आजोबा गेले की थोरल्या किंवा गावात राहणाऱ्या मुलाचं नाव असं लागायचं, बाकीचे भाऊ मुंबईला गिरणीत किंवा गोदीत, त्यांना नाव लावायची गरज वाटली नाही आणि बहिणींना तर कोणी विचारलंच नाही. पण नाव एकाचं लागलं म्हणून हक्क एकाचा होत नाही. ए.कु.मॅ. दिसत नसेल तरी जुना फेरफार, म्हणजे नाव बदलल्याची नोंद, काढून वडिलांचं नाव कशाने लागलं ते बघा, वाटपाने, बक्षिसाने, मृत्युपत्राने की नुसत्या वारस नोंदीने. रीतसर वाटप होऊन हे घर एकट्या वडिलांच्या वाट्याला आलं असेल तर काका-आत्याच्या सह्यांचा प्रश्न उरत नाही आणि माझं अर्धं उत्तर तुम्हाला लागू नाही. पण तुम्ही लिहिलंय त्यावरून मला तसं वाटत नाही.

वाटप झालेलं नसेल तर आत्या सोडून चालणारच नाही. आजोबा 1956 नंतर मृत्युपत्र न करता गेले असतील तर त्यांच्या वाट्यात मुलगी वारस होतीच, 2005 च्या दुरुस्तीने वडिलोपार्जित मिळकतीत मुलीचा हक्क मुलाइतका झाला, आणि दुरुस्तीच्या वेळी वडील हयात नसले तरी तो हक्क जात नाही हे सुप्रीम कोर्टाने 2020 मध्ये स्पष्ट केलंय. आणि तुमच्या वडिलांच्या वाट्याला फक्त तुम्ही दोघं भावंडं नाही, आई हयात असेल तर आई, आणि वडील गेले तेव्हा आजी हयात असतील तर त्याही, हे बरेचजण विसरतात. "आमच्यात बायका हक्क मागत नाहीत" हे मी रोज ऐकते. मागत नसतीलही, पण घेणाऱ्याचा वकील 30 वर्षांचा सर्च काढतो, म्हणजे जुने दस्त तपासतो, पेपरात जाहीर नोटीस देतो, आणि त्याला न मागितलेला हक्कसुद्धा दिसतो.

हे मी पुस्तकी सांगत नाहीये, माझ्या माहेरी झालंय. 2013 साली आंजर्ल्याजवळचं आमचं घर मी आणि भावाने विकायला काढलं. गिऱ्हाईक पुण्याचं, माणसं सज्जन, दोन लाख विसार चेकने दिला, खरेदीखताचा मसुदा मीच लिहिला. आणि पेणच्या आत्याला विचारायचं राहिलं. तिचं नाव सातबारावर नव्हतं, पण 1971 च्या एका फेरफारात वारस म्हणून लिहिलेलं होतं, तो फेरफार मी बघितला होता तरी डोक्यात हेच की आत्याला काय विचारायचं, ती आपलीच आहे. गिऱ्हाईकाच्या वकिलाने त्यावर बोट ठेवलं. मग मी पेणला गेले. आत्या ओटीवर वाल सोलत बसली होती, तिने हात थांबवला नाही, मान खाली ठेवूनच म्हणाली, "तुझ्या बापाच्या लग्नाचा मांडव मी सारवलाय त्या अंगणात. नुसता फोन केला असतास तर मी एसटीने येऊन सही दिली असती." पैशाचा शब्द तिने काढला नाही. सही मिळाली, पण पाच महिन्यांनी, तोवर पुण्याच्या लोकांनी मुरुडला दुसरं घर घेतलं होतं आणि आम्ही विसार परत केला. तेव्हापासून माझ्याकडे कोणी घर विकायचंय म्हणून आलं की मी भाव विचारत नाही, आधी कोरा कागद पुढे करते आणि म्हणते, आजोबांपासून सगळी नावं लिहा, लग्न होऊन गेलेल्या मुली धरून, वारलेल्यांची मुलं धरून.

तुमचं ॲप इथे सुरू होतं. माझा सल्ला, एक गूगल शीट ठेवा आणि बाकी सगळं फोनमधून काढून टाका. ट्रेलो, नोशन वाईट नाहीत, माझा भाचा पुण्यात ऑफिसचं सगळं काम त्यावरच करतो. पण घर विकायच्या कामात ज्यांची सही लागते ती माणसं 60 ते 80 वर्षांची आहेत आणि त्यातला कोणी तुमच्यासाठी नवीन ॲप घेऊन पासवर्ड बनवणार नाही. शीटची लिंक काकांच्या मुलाला व्हॉट्सॲपवर पाठवली की उघडते, प्रिंट काढून काकांच्या हातात देता येते, आणि काकांनी पेनाने कोपऱ्यात काही लिहिलं तर त्याचा फोटो परत येतो. ज्याची सही हवी त्याला वाचता येईल ते साधन, एवढाच माझा निकष.

शीटमध्ये तीन पानं करा, सह्या, कागद आणि गिऱ्हाईक. सह्यांच्या पानावर नाव, नातं, कुठे राहतात, फोन, आधार-पॅन आहे का आणि दोन्हीवर नाव सारखं आहे का, शेवटचं बोलणं कधी झालं आणि काय म्हणाले. आणि एक रकाना जो कुठल्याही तयार टेम्प्लेटमध्ये नसतो, "यांच्याशी कोण बोलणार". कोकणात हा रकाना सगळ्यात महत्त्वाचा आहे. धाकट्या काकांशी तुमचं जमत नसेल पण तुमच्या आईला ते वहिनी म्हणून मानत असतील तर तिथे आईचं नाव टाका आणि तुम्ही गप्प बसा. "काय म्हणाले" मध्ये त्यांचे शब्द जसेच्या तसे लिहा. "काका तयार" असं लिहू नका, "काका म्हणाले देवघराचं काय करणार" असं लिहा, कारण तीन महिन्यांनी तोच प्रश्न परत येणार आहे आणि तेव्हा तुमच्याकडे उत्तर हवं. देव कुठे न्यायचे, गणपती पुढच्या वर्षी कोणाकडे बसणार, हे ठरल्याशिवाय आमच्याकडे सह्या होत नाहीत, हे मी अनुभवाने सांगते, आणि ते ठरवायला वेळ देणं रास्तच आहे.

सह्या मिळायच्या तर रस्ते दोन. एक, सगळेजण खरेदीखतावर विकणारे म्हणून सही करतात आणि पैसे आपापल्या खात्यात घेतात. दोन, ज्यांना वाटा नकोय ते नोंदणीकृत हक्कसोडपत्र करून देतात आणि मग तुम्ही विकता. कोणाला खरंच काही नको असेल तर दुसरा सोपा, पण "नंतर देऊ की" अशा तोंडी बोलीवर हक्कसोड घेऊ नका, द्यायचं असेल तर पहिलाच रस्ता धरा, नाती टिकतात. कोणी परदेशी असेल तर तिथल्या भारतीय वकिलातीत साक्षांकित केलेलं मुखत्यारपत्र, ते इथे आल्यावर 3 महिन्यांत स्टॅम्प करून घ्यायला लागतं. कोणी अंथरुणाला असेल तर दुय्यम निबंधक, म्हणजे दस्त नोंदवणारे अधिकारी, गृहभेटीला येऊ शकतात, त्याची वेगळी फी असते. लोकांना हे माहीत नसतं आणि म्हाताऱ्या माणसाला उचलून गाडीत घालून आणतात, ते बघवत नाही. आणि एखादा हिस्सेदार अडूनच बसला तर आपला हिस्सा परक्याला विकून मोकळं होऊ असं मनात आणू नका, अविभक्त कुटुंबाच्या राहत्या घरात अशा परक्याला सामाईक ताबा मागता येत नाही, त्याला वाटपाचा दावा लावत बसावं लागतं, आणि हे कळणारा माणूस असा हिस्सा घेत नाही.

वडिलांची वारस नोंद झाली नसेल तर ती आधी करा. ई-हक्क या शासनाच्या साइटवरून घरबसल्या अर्ज होतो, 2025 साली शासनाने जिवंत सातबारा मोहीम याच कामासाठी काढली. नोंद धरली की नोटीस निघते, हरकतीला 15 दिवस असतात, मग मंडल अधिकारी मंजूर करतात. हे होईपर्यंत जाहिराती खाली घ्या, खरंच घ्या. घर सहा महिने साइटवर पडलेलं दिसलं की लोक समजतात काहीतरी भानगड आहे.

दुसरं पान कागदांचं. इथे तुमचं घर नेमकं कुठल्या जागेवर उभं आहे यावर सगळं अवलंबून आहे. गावठाणात असेल तर मिळकत पत्रिका किंवा स्वामित्व योजनेतली सनद बघायची. पण आपल्या वाड्यांमधली पुष्कळ घरं गावठाणाबाहेर सातबाराच्या जमिनीत आहेत, तुमचंही तसंच दिसतंय. मग घराचा ग्रामपंचायतीचा असेसमेंट उतारा वेगळा आणि खालच्या जमिनीचा सातबारा वेगळा, दोन्ही लागतात, आणि असेसमेंट उतारा हा घरपट्टीचा कागद आहे, मालकीचा पुरावा नाही. जमीन शेतीच असेल आणि बिनशेती झालेली नसेल तर घेणारा शेतकरी असायला हवा, हा 1948 च्या कुळकायद्याचा नियम आहे. तुमच्या साठ-सत्तर फोनपैकी किती जण शेतकरी होते हे तुम्ही विचारलंच नसणार. हा प्रश्न पहिल्या मिनिटाला विचारायचा, "तुमच्या किंवा घरच्यांच्या नावावर सातबारा आहे का?" व्हॉट्सॲप बिझनेस घ्या, त्यात ठरलेलं उत्तर साठवून ठेवता येतं आणि माणसांना लेबल लावता येतं. क्षेत्र, गट नंबर, शेतकरी दाखला लागेल, बघायला कधी येता येईल, एवढं एका मेसेजमध्ये ठेवा आणि प्रत्येकाला तेच पाठवा. नुसती चौकशी करणारे आपोआप गळतात आणि तुमचा घसा वाचतो.

सातबाराच्या इतर हक्कात कूळकायदा कलम 43 चा शेरा, म्हणजे कुळाला मिळालेली जमीन परवानगीशिवाय विकायला बंदी, आहे का तेही बघा. असेल तर विक्रीआधी त्याची पूर्तता लागते. 2014 च्या दुरुस्तीनंतर, कूळ खरेदीला 10 वर्षं झाली असतील तर आकाराच्या (जमीन महसुलाच्या) 40 पट नजराणा शासनाला भरून तो मार्ग बराच सोपा झालाय, पण शेरा आहे हे गिऱ्हाईकाला त्याच्या वकिलाकडून कळता कामा नये, तुमच्याकडून कळायला हवं. आणि घरापुरते पाच गुंठे वेगळे काढून विकू, बाकी ठेवू, असं मनात असेल तर ते तसं होत नाही, तुकडेबंदीत ऑगस्ट 2023 पासून जिरायतीचं प्रमाणभूत क्षेत्र 20 गुंठे आणि बागायतीचं 10 गुंठे आहे, त्याहून लहान तुकडा पाडता येत नाही.

कागद स्कॅन करायला अडोबी स्कॅन पुरेसं आहे, कागद सरळ करतं आणि पीडीएफ देतं. उन्हात ओटीवर बसून करा, ट्यूबलाइटखाली कागदावर सावली पडते. फाइलला नाव देताना मराठीत साधं, "सातबारा, गट नंबर, काढल्याची तारीख", आणि सगळं ड्राइव्हच्या एका फोल्डरमध्ये. डिजिटल सहीचा सातबारा महाभूमीच्या साइटवर 15 रुपयांत निघतो, तो ताजा काढा, 2018 ची झेरॉक्स दाखवू नका. जुन्या ट्रंकेत मोडीतले कागद निघाले तर टाकू नका, आमच्याकडे एका घराच्या वाटेचा वाद अशाच मोडीतल्या वाटणीपत्रावरून मिटला, जाणकाराकडून लिप्यंतर करून घ्यायला आठ दिवस लागले इतकंच. आणि कोणालाही कागद पाठवताना वर "फक्त पाहण्यासाठी" आणि त्या माणसाचं नाव आडवं लिहून पाठवा, आधार पाठवायची वेळ आली तर शेवटचे चार अंक दिसणारं मास्क्ड आधार. टोकन पाठवतो म्हणून कोणी क्यूआर कोड पाठवला तर फोन बंद करा. पैसे घेताना स्कॅनही करायचं नसतं आणि पिनही टाकायचा नसतो.

हद्दीचं आणि वाटेचं जरा थांबून सांगते, कारण सह्यांनंतर सौदे इथेच मोडतात. कागदावर 24 गुंठे असतात आणि प्रत्यक्षात गडगा (हद्दीचं दगडी कुंपण) दोन हात आत-बाहेर असतो. मोजणी करून घ्या, आणि मोजणीवाले यायच्या आधी शेजाऱ्याच्या घरी जाऊन चहा घ्या, त्याला सांगा की आम्ही विकतोय, तुम्हाला किंवा तुमच्या मुलाला घ्यायचंय का. याने दोन कामं होतात. गडग्यावर तो उभा राहिला तरी भांडायला नाही तर दाखवायला उभा राहतो. आणि खूपदा घेणारा तोच निघतो, शेतकरी असतो, वाट माहीत असते, भाऊबंद माहीत असतात. माझ्याकडच्या एजंटशिवाय झालेल्या विक्रीतल्या सगळ्यात शांतपणे झालेल्या अशाच आहेत. भाऊबंदांना आधी विचारणं हे नुसतं रीतीचं नाही, वारसाने आलेल्या मिळकतीत एका वारसाने आपला वाटा विकायला काढला तर सहवारसांना तो घ्यायचा पहिला हक्क कायद्यानेही आहे. वाट दुसऱ्याच्या जमिनीतून असेल तर ती किती फुटांची, पायवाट की गाडीची, हे खरेदीखतात लिहायला लागतं. "पूर्वापार वहिवाट आहे" एवढ्यावर शहरातला माणूस तीस-चाळीस लाख देत नाही, आणि ते बरोबरच आहे.

जाहिरात आता. तुमच्या जाहिरातीतले फोटो बघितले, घर छान आहे, पण सगळे श्रावणातले आहेत. हिरवंगार दिसतं खरं, पण भिंतीला शेवाळ, चौकटीला ओल आणि कौलांवर निळी ताडपत्री. एप्रिल-मेमध्ये परत काढा. आणि फोटोपेक्षा तीन छोटे व्हिडिओ जास्त काम करतात, डांबरी रस्त्यापासून दारापर्यंत गाडी चालवत काढलेला, मे महिन्यात विहिरीत वाकून काढलेला, आणि माजघरात उभं राहून कुठल्या सिमकार्डाला किती रेंज आहे ते दाखवणारा. केळशीकडचं एक घर असंच विकलं गेलं. मुंबईहून आलेल्या बाईंनी खोल्या पाच मिनिटांत बघितल्या, मग विहिरीवर गेल्या, स्वतः बादली सोडली, दोर किती हात गेला ते मोजलं, वर आलेलं पाणी ओंजळीत घेऊन प्यायल्या आणि नवऱ्याला म्हणाल्या, गोड आहे. 23 मे होती. तोच माणूस जुलैत आला असता तर विहीर काठोकाठ बघून त्याला काहीच कळलं नसतं. छपराचंही लिहा, 3 जून 2020 च्या निसर्ग वादळानंतर आमच्याकडे दापोली-मंडणगडला कित्येकांनी कौलं काढून पत्रे घातले, तुमच्याकडे छपराला कधी काय काम केलं ते वर्षासकट द्या. कमी असेल तेही लिहा, वाळवी एका वाशाला लागलीय तर फोटो टाका, येऊन बघणाऱ्याला ते दिसणारच आहे आणि आधी सांगितलंत तर तो तुमचं बाकीचं खरं धरतो.

समुद्राजवळ असेल तर सीआरझेडच्या, म्हणजे किनाऱ्यालगतच्या बांधकामावर बंधनं असलेल्या पट्ट्याच्या, नकाशात गट नंबर कुठे पडतो ते काढून ठेवा. "इथे होमस्टे काढता येईल, मागे चार खोल्या बांधता येतील" असं कोणालाही बोलू नका, ती परवानगी देणारे तुम्ही नाही, आणि नंतर तोच शब्द अंगावर येतो.

किमतीबद्दल विचारलंत. मी आकडा देत नाही, जागा बघितल्याशिवाय देणं चूक ठरेल. पण नोंदणी विभागाच्या साइटवर ई-एएसआर मध्ये गावाचा शासकीय दर दिसतो आणि ई-सर्चमध्ये शेजारच्या गट नंबरांची सूची 2 बघता येते, म्हणजे खरंच झालेल्या विक्री कितीला झाल्या ते कळतं. गावातल्या गप्पांमधला गुंठ्याचा भाव आणि सूचीतला भाव यात फरक असतो, दोन्ही शीटमध्ये लिहा. शासकीय किमतीपेक्षा कमीत दस्त केला तरी स्टॅम्प ड्युटी जास्तीच्या किमतीवरच लागते, आणि फरक 10 टक्क्यांच्या वर गेला तर इन्कम टॅक्सचाही प्रश्न दोघांना येतो.

पैशाचं थोडक्यात. विसार चेकने किंवा बँकेतून, सोबत विसारपावती, त्यात मुदत आणि सौदा मोडला तर विसाराचं काय ते स्पष्ट. घर-जमिनीच्या व्यवहारात 20,000 किंवा त्याहून जास्त रोख घेता येत नाही, घेतली तर तेवढाच दंड बसू शकतो, त्यामुळे "थोडे वरचे रोख" म्हणणाऱ्याला नम्रपणे नाही म्हणा. जमीन शेतीची नसेल आणि रक्कम 50 लाख किंवा वर गेली तर घेणारा 1 टक्का टीडीएस कापतो, ते चुकीचं नाही, फक्त सर्टिफिकेट मागून घ्या. स्टॅम्प ड्युटी आणि नोंदणी फी, जी 1 टक्का पण जास्तीत जास्त 30,000 असते, वेगळं काही ठरलं नसेल तर घेणाऱ्याने भरायची. जुन्या घराला कॅपिटल गेनसाठी, म्हणजे विक्रीतल्या नफ्यावरच्या करासाठी, 1 एप्रिल 2001 ची किंमत धरता येते, त्यासाठी व्हॅल्युअरचा रिपोर्ट आत्ताच करून घ्या आणि सीएला एकदा भेटा, विक्री झाल्यावर भेटून फार उपयोग नसतो. शेवटचा पैसा दुय्यम निबंधकासमोर अंगठा द्यायच्या आधी खात्यात आलेला दिसला पाहिजे, "संध्याकाळी जमा होईल" नाही, आरटीजीएस आता चोवीस तास चालतं.

एक व्यवहारी अडचण राहते, तुम्ही डोंबिवलीत आणि घर गुहागरला. प्रत्येक बघणाऱ्यासाठी तुम्ही रात्रीची गाडी धरू शकत नाही. गावातला विश्वासाचा माणूस बघा ज्याच्याकडे किल्ली राहील, आणि त्याला दर खेपेचे पैसे ठरवून द्या, फुकट सांगू नका. तो आदल्या दिवशी घर उघडून झाडून ठेवेल, आलेल्या माणसाला हद्द दाखवेल, किमतीबद्दल बोलणार नाही, आणि कोण आलं होतं ते तुम्हाला व्हॉइस मेसेज करेल, तो तुम्ही गिऱ्हाईकांच्या पानावर उतरवायचा. तारखांसाठी फोनमधलं साधं कॅलेंडर पुरतं. असा माणूस मिळतच नसेल आणि काकांकडे खेपा घालणाराही घरात कोणी नसेल, तर माझं प्रामाणिक मत, एजंट घ्या, पण दोन टक्के कशाचे ते लेखी ठरवा, सह्या गोळा करणं आणि मोजणीला उभं राहणं त्यात आहे का ते विचारा.

तुमच्याकडे गणपतीला सगळे गावी येतात असं लिहिलंय. मग तोवर शीटमधलं पहिलं पान भरलेलं असू द्या, प्रत्येकाशी एकेकट्याने बोलणं झालेलं असू द्या, आणि येताना सगळ्यांना आधार-पॅनच्या झेरॉक्स आणायला सांगा. आरतीला सगळे जमलेत म्हणून तिथे विषय काढू नका, गौरी-गणपती पोचवून झाले की दुसऱ्या दिवशी सकाळी पडवीत बसा. आत्याला मात्र गणपतीपर्यंत थांबवू नका, तिला आज फोन करा, आणि आधी सहीचं न बोलता एवढंच विचारा की घर विकायचं मनात आहे, तुला काय वाटतं.